पुनर्बांधणीच्या हंगामात अपेक्षेपेक्षा सरस कोण खेळेल, हे मार्चमध्ये कसं ओळखायचं? (शिकागो व्हाइट सॉक्स आणि इतर)

टू_सीमर (धागाकर्ता)

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधला (पुढे मेजर्स) शिकागो व्हाइट सॉक्स हा संघ २०२४ मध्ये १२१ सामने हरला आणि १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा विक्रम मोडला गेला. २०२५ मध्ये ६० विजय, १०२ पराभव, गटात पुन्हा तळाला. पण याच संघातून पिचर (चेंडू टाकणारा) शेन स्मिथ पहिल्याच वर्षी ऑल-स्टार (लीगच्या निवडक सर्वोत्तमांपैकी एक) झाला. ४ जुलैला पदार्पण केलेल्या कोल्सन माँटगोमेरीने ७१ सामन्यांत २१ होम रन (षटकारासारखे भिंतीपलीकडचे फटके) मारले, आणि लेनिन सोसाने वर्षभरात २२. हंगामाआधी या तिघांकडून कुणीच एवढं धरलं नव्हतं. २०२६ चा हंगाम तोंडावर आहे, तर असे खेळाडू आधी ओळखण्याची पद्धत इथे नीट मांडू या. नुसती नावं फेकू नका, नावामागचं कारण लिहा.

आधी "अपेक्षा" म्हणजे काय ते ठरवू. स्टीमर, झिप्स, पेकोटा या आकडेमोडीने हंगामाचं भाकीत करणाऱ्या प्रणालींचा अंदाज म्हणजे मधला आकडा. निम्मे खेळाडू त्याच्या वर जाणार, निम्मे खाली, हे त्यातच आलं. म्हणून "अंदाजापेक्षा चांगला खेळला" यात विशेष काही नाही. खरा प्रश्न असा की कुणाच्या अंदाजाची कक्षा रुंद आहे? सात वर्षं एकाच पद्धतीने खेळलेल्या ३१ वर्षांच्या फर्स्ट बेसमनची (पहिल्या बेसवरच्या क्षेत्ररक्षकाची) कक्षा अरुंद असते. शस्त्रक्रियेनंतर परतलेला पिचर, कोरिया-जपानहून आलेला, वेव्हर्सवर (आधीच्या संघाने सोडायला काढलेल्यांतून) उचललेला, रूल फाइव्हमधून (खाली सविस्तर आहे) आणलेला, नुकताच स्विंग बदललेला, या सगळ्यांची कक्षा रुंद असते. पुनर्बांधणी करणाऱ्या, म्हणजे जुने खेळाडू विकून नव्यांना आजमावणाऱ्या, संघाचं रोस्टर (खेळाडूंची यादी) अशांनीच भरलेलं असतं, म्हणून धक्के तिथेच जास्त बसतात, दोन्ही दिशांनी.

मी दोनच गोष्टी बघतो. त्याला खेळायला किती मिळणार, आणि त्याच्या शरीराने केलेली एखादी गोष्ट खरोखर बदलली आहे का. बॅटिंग ॲव्हरेज (बॅटरच्या प्रयत्नांपैकी किती हिट झाले) आणि ईआरए (पिचरने नऊ इनिंग्जमागे सरासरी किती धावा दिल्या) मार्चमध्ये, हंगामाआधीच्या सराव सामन्यांत, उघडूनही बघत नाही.

पिचर एरिक फेडीचं उदाहरण घ्या. वॉशिंग्टनने सोडल्यावर तो २०२३ मध्ये कोरियात एनसी डायनोजकडून खेळला: २० विजय, ६ पराभव, २.०० ईआरए, २०९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू). व्हाइट सॉक्सने दोन वर्षांसाठी दीड कोटी डॉलर दिले. बहुतेकांनी "कोरियातले आकडे, काय खरं त्यांचं" म्हणून सोडून दिलं. पण तो जाण्याआधीच स्वीपर (आडवा फार वळणारा चेंडू) शिकला होता आणि चेंजअपही (फास्टबॉलसारखा दिसणारा हळू चेंडू) बदलला होता. चेंडूच बदलले म्हटल्यावर वॉशिंग्टनचे जुने आकडे निम्मे बाद होतात. २०२४ मध्ये इतक्या वाईट संघाकडून २१ सामन्यांत ३.११ ईआरए, आणि जुलैत ट्रेड (संघांमधली खेळाडूंची अदलाबदल). त्या तिहेरी ट्रेडमध्ये डॉजर्सकडून मिगेल वर्गास आला.

---

शून्य_दोन

खेळायला किती मिळणार हा मुद्दा लोक हलक्यात घेतात. आकडा मांडून दाखवतो. पुढच्या हंगामाचा अंदाज काढायची सगळ्यात साधी पद्धत आकडेतज्ज्ञ टॉम टँगो यांची मार्सेल. कागद-पेन्सिलीवर होते.

गेल्या तीन वर्षांना ५, ४, ३ असं वजन द्यायचं. मग लीगच्या सरासरीच्या १२०० प्लेट अपिअरन्स (बॅटिंगला येण्याची प्रत्येक पाळी, पुढे पीए) त्यात मिसळायच्या. २९ पेक्षा लहान असेल तर दर वर्षामागे ०.६ टक्के वाढवायचं, मोठा असेल तर ०.३ टक्के कमी करायचं.

समजा २५ वर्षांचा बॅटर. गेल्या वर्षी ३०० पीए, १५ होम रन. त्याआधी २०० पीए, ६. त्याआधी १०० पीए, २.

वजनी होम रन: ७५ + २४ + ६ = १०५.
वजनी पीए: १५०० + ८०० + ३०० = २६००.
लीगचा दर ३ टक्के धरला तर १२०० पीएचे ३६ होम रन मिळवा: १४१ भागिले ३८०० = ३.७१ टक्के.

आता पीएचा अंदाज: गेल्या वर्षाच्या निम्म्या, अधिक त्याआधीच्या वर्षाच्या एक दशांश, अधिक २००. म्हणजे १५० + २० + २०० = ३७०. वयाची वाढ धरून उत्तर १४ होम रन.

पण त्याच्या संघाने त्याच्या जागेवर आधी खेळणाऱ्या माणसाला डिसेंबरमध्ये विकलं आणि आपल्या बॅटरला रोज उभं केलं, ६०० पीए मिळाल्या, तर? दर तोच. कौशल्यात तसूभर फरक नाही. होम रन २३. नऊ होम रन नुसत्या संधीचे.

सोसाचं २०२५ बरंचसं या हिशेबात बसतं. वॉक (चार बॉलवर फुकट मिळणारा पहिला बेस) घेणं त्याला आजही जमत नाही, बॅटिंगची मूळ तऱ्हा तीच, पण १४० सामने खेळवलं. स्पर्धेतल्या संघाने अशा बॅटरला मे महिन्यातच बाकावर बसवलं असतं.

बॅटिंग ऑर्डरही बघा. एक जागा वर सरकलं की पूर्ण हंगामात साधारण १५ ते २० पीए वाढतात. सातव्यावरून दुसऱ्यावर गेलेला बॅटर ८०-९० पीए फुकट कमावतो.

---

नवखी_प्रेक्षक

मला रूल फाइव्ह कधीच नीट कळलं नाही. शेन स्मिथ त्यातूनच आला ना? आणि मिलवॉकीसारख्या हुशार संघाने त्याला सोडलंच कसं?

---

कॅचरमागे

@नवखी_प्रेक्षक, थोडक्यात सांगते. संघाच्या ४० जणांच्या यादीत जो नाही, आणि ज्याला करार करून ठरावीक वर्षं झाली आहेत (१८ किंवा त्याहून कमी वयात केला असेल तर पाच हंगाम, १९ किंवा पुढे असेल तर चार), त्याला डिसेंबरमध्ये दुसरा संघ एक लाख डॉलर देऊन उचलू शकतो. अट अशी की त्याला पूर्ण हंगाम २६ जणांच्या मुख्य रोस्टरवर ठेवायचं. खाली मायनर्समध्ये (खालच्या लीगमध्ये) पाठवायचं असेल तर आधी वेव्हर्सवर टाका, मग मूळ संघाला ५० हजारांत परत देऊ करा. दुखापतीचं नाव करून लपवताही येत नाही, किमान ९० दिवस सक्रिय असावंच लागतं.

स्मिथ २०२१ मध्ये ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत) कुणीही न निवडलेला, वेक फॉरेस्ट विद्यापीठाचा. २०२४ ला त्याची चार वर्षं भरली. चांगल्या संघाची ४० ची यादी गच्च भरलेली असते, तिथे असा पिचर निसटतो. आणि चांगल्या संघाला अनुभव नसलेला पिचर वर्षभर सांभाळणं परवडत नाही. १२१ सामने हरलेल्या संघाला परवडतं, शिवाय निवडीचा पहिला नंबरही त्यांचाच होता. वेव्हर्सवरही तळाच्या संघाचा हक्क आधी लागतो.

म्हणून ओळखायची खूण अशी: रूल फाइव्हवाल्या खेळाडूला खेळवणं ही संघाची गरजच असते. त्याची संधी कागदावर पक्की असते. उलट ज्याच्याकडे "ऑप्शन" शिल्लक आहेत, म्हणजे ज्याला वेव्हर्सशिवाय खाली पाठवायची मुभा संघाकडे आहे, तो दोन आठवडे फसला की खाली जातो. मार्चमध्ये रोस्टर बघताना ऑप्शन संपलेल्यांवर आधी खूण करा.

अँथनी सँटँडर असाच क्लीव्हलँडकडून बॉल्टिमोरला आला होता. फुलायला मात्र काही वर्षं गेली. पहिल्याच वर्षी फळ मिळेल असं धरून चालू नका.

---

बुलपेन_फोन

धाग्याच्या मूळ कल्पनेलाच माझा थोडा विरोध आहे. पुनर्बांधणीचा संघ वर्षभरात इतके जण आजमावतो की त्यातले दोन-तीन नुसत्या योगायोगाने चमकणारच. मग आपण मागे वळून "बघा, खुणा होत्या" म्हणतो. तशाच खुणा असलेले आणि बुडालेले पंधरा जण कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

फ्रँक श्विंडेल आठवतोय? २०२१ च्या जुलैअखेर शिकागोच्या दुसऱ्या संघाने, कब्जने, रिझो, बायेझ, ब्रायंट तिघांना विकलं. रिझोच्या जागी २९ वर्षांचा श्विंडेल. ५६ सामन्यांत ॲव्हरेज .३४२ आणि १३ होम रन. लोकांनी जर्सी घेतल्या. २०२२ मध्ये .२२९. संधी होती, आकडे होते, टिकलं काहीच नाही.

---

टू_सीमर

@बुलपेन_फोन, मुद्दा मान्य, आणि म्हणूनच दुसरी चाळणी लागते. श्विंडेलच्या बाबतीत कौशल्यात काय बदललं होतं? बोट ठेवता येईल असं काही नाही. बाबिप (मैदानात पडलेल्या चेंडूंवरचं ॲव्हरेज, ज्यात नशिबाचा वाटा मोठा) फार चढा होता. सूत्र: (हिट्स वजा होम रन) भागिले (ॲट-बॅट, म्हणजे वॉक वगैरे वगळून उरलेल्या पीए, वजा स्ट्राइकआउट वजा होम रन अधिक सॅक्रिफाइस फ्लाय, म्हणजे झेल जाऊनही धाव मिळवून देणारे फटके). लीगची सरासरी .२९० ते .३०० च्या आसपास. पळणारा, लाइन ड्राइव्ह (सपाट, जोरकस फटके) मारणारा बॅटर .३३० टिकवू शकतो. मंद पायाच्या फर्स्ट बेसमनला ते जमत नाही.

दुसरं, कोणता आकडा किती लवकर विश्वासाचा होतो ते माहीत हवं. आकडेतज्ज्ञ रसेल कार्लटन यांच्या कामातून रूढ झालेले ढोबळ टप्पे: बॅटरचा स्ट्राइकआउट दर ६० पीए, वॉक दर १२०, होम रन दर १७०. आणि बाबिप? खेळात पडलेले ८२० चेंडू, म्हणजे जवळपास दोन हंगाम. पिचरचा स्ट्राइकआउट दर ७० बॅटरनंतर, वॉक १७० नंतर, आणि त्याच्याविरुद्धचा बाबिप २००० चेंडूंनंतर. या टप्प्यावरही निम्मा वाटा नशिबाचाच असतो, पण दिशा कळते. मे महिन्यात कुणाचा स्ट्राइकआउट दर २८ वरून २० वर आला असेल तर कान टवकारा. ॲव्हरेज .२४० वरून .३१० झालं असेल तर थांबा.

---

पहाटेचा_सामना

शिकागोत संध्याकाळी ७.१० चा सामना भारतात पहाटे ५.४० ला लागतो, त्यामुळे रोज बघणं शक्य असतं. डोळ्यांनी बघताना काय बघावं ते लिहितो, कारण आकडे सगळ्यांना दिसतातच.

बॅटर: पहिल्या दोन स्ट्राइकपर्यंत काय करतो यापेक्षा दोन स्ट्राइकनंतर पाय कुठे ठेवतो ते बघा. माँटगोमेरीचं ट्रिपल-ए (मेजर्सच्या लगेच खालची पातळी) शार्लटमध्ये २०२४ चं ॲव्हरेज .२१४ होतं. २०२५ ची सुरुवातही खराब, इतकी की एप्रिलअखेर त्याला सामन्यांतून काढून ॲरिझोनाच्या केंद्रात स्विंगवर काम करायला पाठवलं. तिथून परत आल्यावर चेंडू पुन्हा हवेत आणि उजव्या बाजूला, जोरात. शेवटी .२३९ ॲव्हरेज आणि .५२९ स्लगिंग (लांब फटक्यांना जास्त वजन देणारं ॲव्हरेज). ॲव्हरेजवरून ही सुधारणा कधीच कळली नसती.

इथे एक खबरदारी. शार्लटचं मैदान होम रनला फार उदार आहे. रणजीत ढीगभर धावा काढल्या म्हणून कसोटीत तेवढ्याच निघतील याची हमी नसते, तसंच हे. ट्रिपल-एचे होम रन मोजू नका, तिथली एक्झिट वेलोसिटी (बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग) बघा. ताशी ९५ मैलांच्या वर किती टक्के चेंडू गेले, आणि त्याचा सर्वांत जोरकस फटका किती. जोरकस फटका मैदान बघून बसत नाही. पन्नासेक फटक्यांतच बॅटरची ताकद दिसते.

बॅटचा वेग मे २०२४ पासून सर्वांना बघायला मिळतो. सरासरी ताशी ७२ मैलांच्या आसपास, ७५ च्या वर वेगवान धरतात. एका हिवाळ्यात दोन मैल वाढले असतील तर तो शरीरातला बदल आहे, तिथे नशीब नसतं.

---

कॅचरमागे

वरच्यात भर. बदल झालाय हे दिसण्यासाठी कुणीतरी बघायला हवं! बॅटर जे. डी. मार्टिनेझने २०१३ च्या शेवटी स्विंग मुळापासून बदलला, चेंडू वर उचलायला शिकला. ह्यूस्टन तेव्हा सलग तीन वर्षं शंभराहून जास्त सामने हरून पुनर्बांधणीच्या ऐन मध्यात. मार्च २०१४ मध्ये त्यांनी त्याला सोडून दिलं. डेट्रॉइटने घेतलं आणि त्याच वर्षी .३१५, २३ होम रन. ह्यूस्टनचे लोक आकड्यांत सर्वांत पुढे होते. तरी त्यांच्या अंदाजात जुन्या स्विंगची तीन वर्षं भरलेली होती, आणि नवा स्विंग पुरेसा बघण्याआधी निर्णय झाला.

त्याच ह्यूस्टनने डिसेंबर २०१३ मध्ये पिचर कॉलिन मकह्यूला वेव्हर्सवर उचललं. कोलोरॅडोत त्याची धूळधाण झाली होती, पण त्याचा कर्व्ह (वळून खाली बसणारा चेंडू) त्यांना हेरता आला. २०१४ मध्ये २.७३ ईआरए. एकाच हिवाळ्यात एक अचूक, एक चूक.

---

डावखुरा_५९

पिचरबद्दल कुणी नीट लिहिलेलं नाही, म्हणून सविस्तर.

स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये (हंगामाआधीच्या सरावात) पिचरचा निकाल निरर्थक असतो. अनेकदा तो त्या दिवशी फक्त चेंजअपची तालीम करत असतो, समोर मायनर्सचे बॅटर असतात. पण फास्टबॉलचा वेग खोटं बोलत नाही. गेल्या मार्चशी तुलना करा, गेल्या सप्टेंबरशी नको, कारण मार्चमध्ये सगळ्यांचाच वेग थोडा कमी असतो. मार्च ते मार्च एक मैल वाढला असेल तर मी त्याला यादीत घेतो. ब्रेकिंग बॉलच्या बाबतीत उलटं: संघाचा सराव होतो त्या ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत चेंडू कमी वळतो, बोटांची पकडही नीट बसत नाही. तिथे स्लायडर (वेगाने जाऊन शेवटी वळणारा चेंडू) सपाट दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. शिकागोत परतल्यावर तो पुन्हा वळतो.

नवा चेंडू आलाय का ते पुढे बघा. व्हाइट सॉक्समध्ये डेव्हिस मार्टिनची किक-चेंज हे ठळक उदाहरण. नेहमीचा चेंजअप टाकताना हाताचा पंजा आतल्या बाजूला वळवावा लागतो. ज्यांना ते निसर्गतः जमत नाही त्यांचा चेंजअप नुसता हळू फास्टबॉल होतो आणि भिंतीपलीकडे जातो. किक-चेंजमध्ये मधलं बोट शिवणीवर टोकदार ठेवतात. सुटताना ते बोट चेंडूचा अक्ष ढकलतं, पंजा न वळवता चेंडू खाली बसतो. डावखुऱ्या बॅटरविरुद्ध उजव्या पिचरकडे हे नसेल तर तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की तो मार खातो आणि शेवटी बुलपेनमध्ये (राखीव पिचरांत) जातो. म्हणून "डावखुऱ्यांना रोखणारा नवा चेंडू" ही स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) म्हणून टिकण्याची सर्वांत चांगली खूण.

तिसरं, भूमिका बदलणारे. गॅरेट क्रोशे टॉमी जॉन (कोपराच्या) शस्त्रक्रियेतून आलेला रिलीव्हर (सामन्याच्या मध्यात येणारा पिचर), २०२३ मध्ये मेजर्समध्ये जेमतेम १३ इनिंग्ज. २०२४ मध्ये त्याला स्टार्टर केलं: १४६ इनिंग्ज, २०९ स्ट्राइकआउट. स्पर्धेतला संघ हा प्रयोग करत नाही. पण त्याची मर्यादाही ध्यानात घ्या. जुलैनंतर संघाने त्याला प्रत्येक सामन्यात तीन-चार इनिंग्जवरच थांबवलं, हात वाचवायला. तुम्ही दुसऱ्या सहामाहीत विजय मोजणार असाल तर असा पिचर निराश करतो.

आणि ईआरएला फसू नका. फिप (फक्त पिचरच्या हातातल्या गोष्टींवरून काढलेला, ईआरएसारखा आकडा) काढा: (१३ × होम रन + ३ × (वॉक + हिट बाय पिच) − २ × स्ट्राइकआउट) भागिले इनिंग्ज, अधिक साधारण ३.१. एड्रियन हाउझर मे २०२५ मध्ये व्हाइट सॉक्समध्ये आला, ११ सामन्यांत २.१० ईआरए. फिप त्याच्यापेक्षा बरंच वर होतं, स्ट्राइकआउट कमी, होम रन अनैसर्गिकरीत्या थोडे. व्हाइट सॉक्सने ३१ जुलैला त्याला टँपा बेला देऊन कर्टिस मीड आणि दोन पिचर घेतले. तिथे हाउझरचा ईआरए ४.७९. तो अपेक्षेपेक्षा सरस खेळला हे खरंच आहे, आणि संघाने ते टिकणार नाही हे ओळखून वेळेत विकलं हेही.

व्हाइट सॉक्सच्याच माइक व्हॅसिलवर म्हणूनच मी २०२६ साठी सावध आहे. २.५० ईआरए, १०१ इनिंग्ज, पण वॉक फार. त्याचा चाहता आहे, तरीही.

---

नवखी_प्रेक्षक

मग अँड्र्यू व्हॉनचं काय? २०२५ मध्ये आपल्याकडे ॲव्हरेज .१८९, मिलवॉकीत गेल्यावर .३०८. तो तर पुनर्बांधणीतून बाहेर पडून चमकला.

---

शून्य_दोन

व्हॉनचं कारण साधं आहे. शिकागोत त्याचा प्रत्यक्ष निकाल एक्सवोबापेक्षा (फटक्यांच्या जोरावरून अपेक्षित निकालापेक्षा) बराच खाली होता, म्हणजे चेंडू बऱ्यापैकी जोरात जात होता, हिट होत नव्हता. शिवाय तो वाईट चेंडूंमागे फार जात होता. मिलवॉकीत ते कमी झालं. पहिला भाग आकड्यांत जूनमध्येच दिसत होता, दुसरा नव्हता. आणि ॲव्हरेज .१८९ असताना संघ वाट बघत नाही, खाली पाठवतो.

उलट ब्रेंट रूकर. नोव्हेंबर २०२२ मध्ये ओकलंडने कॅन्सस सिटीकडून वेव्हर्सवर घेतला, तेव्हा २८ वर्षांचा. ट्रिपल-एत चेंडू फोडत होता, मेजर्समध्ये सलग पीए कधी मिळाल्याच नाहीत. ५० विजय, ११२ पराभवांच्या संघाने रोज खेळवला, ३० होम रन आणि ऑल-स्टार. पुढच्या वर्षी ३९. माझी आवडती जात हीच: २६ ते २८ वय, ट्रिपल-एत दोन वर्षं जोरदार एक्झिट वेलोसिटी, मेजर्समध्ये तुकड्या-तुकड्यांनी दोनशे-तीनशे पीए, ऑप्शन संपलेले.

---

टू_सीमर

आता २०२६. माझा क्रम कारणांसह.

काइल टील. क्रोशेच्या ट्रेडमध्ये आलेल्या चौघांपैकी एक. ७८ सामन्यांत .३७५ ऑन-बेस (बेसवर पोहोचण्याचा दर). वॉक दर विश्वासाचा टप्पा ओलांडून गेलेला आहे. कॅचर (बॅटरमागे चेंडू पकडणारा) असल्याने पीए कमी पडतील ही एकच अडचण, दुसरा कॅचर एडगर केरोशी वाटणी आहे.

चेस मिड्रॉथ: स्ट्राइकआउट फार कमी, ताकद नाही. कक्षा अरुंद. चांगला खेळाडू, पण या धाग्याचा नाही.

मुनेताका मुराकामी: जपानमध्ये २०२२ ला ५६ होम रन, व्हाइट सॉक्सशी दोन वर्षांचा ३ कोटी ४० लाखांचा करार. वेगवान फास्टबॉलवर बॅट चुकते ही शंका सगळ्यांना आहे, म्हणूनच एवढ्या स्वस्तात मिळाला. कक्षा सर्वांत रुंद याचीच. पहिल्या ६० पीएमध्ये स्ट्राइकआउट दर ३० टक्क्यांच्या खाली राहिला तर मी पूर्ण विश्वास टाकेन.

माँटगोमेरीकडून ७१ सामन्यांचा गुणाकार करून ४८ होम रनची अपेक्षा कृपया धरू नका. मार्सेलमधल्या त्या १२०० पीए इथे लागू होतात.

---

कॅचरमागे

केरोबद्दल एक. २०२६ पासून एबीएस चॅलेंज (पंचाच्या बॉल-स्ट्राइक निर्णयाला यंत्राकडे आव्हान) येतंय, संघाला दोन चॅलेंज, बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. पट्टी (स्ट्राइक झोन, म्हणजे ज्यातून गेलेला चेंडू स्ट्राइक ठरतो) खेळाडूच्या उंचीवरून: वरची कड ५३.५ टक्के, खालची २७ टक्के. २०२५ मध्ये केरोचं फ्रेमिंग (पंच स्ट्राइक देईल असा चेंडू पकडणं) कमकुवत होतं. चॅलेंजमुळे ती उणीव थोडी झाकली जाईल, आणि कॅचरला स्वतः चॅलेंज करता येत असल्याने ज्याला पट्टी डोळ्यांत बसली आहे त्याचा फायदा. ट्रिपल-एत ही पद्धत आधीपासून आहे, म्हणून तिथून नुकतेच आलेले तरुण बॅटर पहिल्या महिन्यात जुन्या लोकांपेक्षा सराईत दिसले तर नवल नको.

---

बुलपेन_फोन

ठीक आहे, मग एक अट घालतो. ज्यांनी नावं दिली त्यांनी प्रत्येक नावापुढे आज तीन आकडे लिहून ठेवा: किती पीए किंवा इनिंग्ज मिळतील, स्ट्राइकआउट दर, वॉक दर. ऑक्टोबरमध्ये चमकलेल्यांबरोबर बुडालेलेही मोजू. माझे दोन: टील ४३० पीए, २३, १२. मुराकामी ५६०, ३१, १२.

---

डावखुरा_५९

चालेल. डेव्हिस मार्टिन १५५ इनिंग्ज, १९, ७. शेन स्मिथ १६०, २४, ९. स्मिथसाठी रूल फाइव्हची अट आता संपली, त्याला खाली पाठवता येतं. एप्रिलमध्ये वॉक वाढले तर माझा १६० चा आकडा सर्वांत आधी कोसळेल, तिथेच लक्ष ठेवा.